गोधडीच्या पोटातलं कापड

सुईदोरा : भाग ५

गेल्या आठवड्यात गोधडीच्या वरच्या बाजूचे तुकडे जुळवून झाले. आता मधला थर. यासाठी बाजारात पॉलिस्टरचं पांढरं, फुगीर अस्तर मीटरवर मिळतं. घरात जुनी लुगडी, धोतरं, चादरी असताना ते विकत आणू नये असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला पैसे वाचण्यापलीकडची कारणं आहेत.

सुती धागा एरवीच्या हवेतसुद्धा स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्के ओलावा शोषून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. मुंबई-कोकणाच्या दमट रात्री हा फरक अंगाला लगेच कळतो. ऊब मिळते ती थराथरांत अडकलेल्या हवेमुळे, म्हणून एका जाडजूड कापडापेक्षा तेवढ्याच वजनाचे तीन-चार पातळ थर चांगले. आणि धुण्याचं काय? गादीतला सुटा कापूस भिजला की त्याचे गोळे होतात, मग पिंजाऱ्याला शोधा. विणलेलं कापड जागचं हलत नाही. घटस्थापनेच्या आधी गावोगावी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन आपटून धुतात. तो मार त्या वर्षानुवर्षं सोसतात, कारण त्यांच्या पोटात कापड असतं.

जुन्या कापडाचा आणखी एक गुण म्हणजे ते आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं. कोरं सुती कापड आत घातलं तर पहिल्याच धुण्यात ते आक्रसतं आणि वरचं तोंड चुण्यांनी भरतं. कोरं घालायचंच असेल तर रात्रभर भिजवून, वाळवून मगच घ्या.

नऊवारी लुगडं या कामाला सर्वांत उत्तम. लांबी सुमारे सव्वाआठ मीटर, म्हणजे दोन-दोन मीटरचे चार तुकडे निघतात. एकट्या माणसाच्या गोधडीला तेवढ्यात चार थर होतात. दोघांची हवी असेल तर दोन तुकडे शेजारी जोडायचे. मग एका लुगड्यात दोन थर बसतात. पण कापण्याआधी लुगडं उजेडासमोर धरून पाहा. बसण्याच्या जागी ते आधी विरतं. हाताने हलकेच ताणल्यावर चरकलं, तर तेवढा भाग काढून टाका. थोडंसं विरलेलं चालतं, फक्त दोन थरांमधल्या विरलेल्या जागा एकमेकांवर येऊ देऊ नका.

जुनी सोलापुरी चादर असेल तर ती एकच पुरते. तिच्यावर आणखी थर चढवले तर हाताने सुई ओढताना बोटं दुखतील. टर्किश टॉवेल ऊबदार खरा, पण पाणीही तितकंच पितो. पावसाळ्यात अशी गोधडी दिवसेंदिवस वाळत नाही. बसकरासाठी मात्र तो झकास. जीन्स नको, सुया मोडतात. जॉर्जेट, नायलॉनच्या साड्या आतल्या आत सरकतात आणि हवा खेळू देत नाहीत. जरीचे काठ उसवून घ्या, तार टोचते. गडद रंगाच्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून पाहा. रंग उतरला तर ते फिक्या तोंडाखाली घालू नका.

शर्ट, परकर वापरताना नेफे, पट्ट्या, बटणं, जाड शिवणी कापून टाका. उरलेल्या तुकड्यांच्या कडा एकावर एक चढवू नका, तिथे उंचवटा येतो आणि नेमका तोच भाग आधी झिजतो. कडा शेजारी शेजारी भिडवून तिरप्या टाक्यांनी सैलसर जोडा. खालच्या थराचा जोड उभा असेल तर वरच्याचा आडवा येऊ द्या.

मग फरशीवर सगळ्यात खालचं कापड ताणून पसरा, कोपऱ्यांवर वजनं ठेवा, एकेक थर हाताने निपटत घाला आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळं टाचून घ्या. ही टाचणी कंटाळवाणी असली तरी टाळू नका. पुढची सगळी शिवण तिच्यावर उभी आहे. धावदोरा कडेपासून सुरू करून फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे न्यायचा. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच कडेकडून आत शिवली जाते. आत विणलेलं कापड असल्याने ओळी दोन बोटांच्या अंतरावर ठेवल्या तरी भागतं. टाका फार आवळला तर थरांमधली हवा दबते आणि ऊब कमी होते.

घरात फाटकी गोधडी असेल तर हे काहीच करावं लागत नाही. ती उसवू नका. स्वच्छ धुवून, कडक उन्हात वाळवून, जिथे भोक पडलंय तिथे ठिगळ लावा आणि अख्खी गोधडीच भर म्हणून घाला. वरून-खालून नवं कापड चढवून जुन्या ओळींच्या मधून नव्या ओळी टाका, म्हणजे एकाच जागी दोनदा भोकं पडणार नाहीत. असं एकदा करता येतं, फार तर दोनदा. त्यानंतर गोधडी इतकी जड होते की ओली असताना एकटीला पिळता येत नाही.

पुढच्या आठवड्यात : दोरा कोणता घ्यावा, आणि जुन्या कापडातून ओवायला सुई किती जाड हवी.