जुना मोडेम, नवा राउटर : महाड-पोलादपूर परिसरातील काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर या डोंगराळ तालुक्यांत घरचे इंटरनेट मंदावले किंवा वारंवार तुटू लागले, की ‘मोडेम जुना झाला, बदलून टाका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो काही वेळा बरोबर असतो, परंतु पुष्कळदा भलत्याच उपकरणाला लागू केला जातो. बोलण्यात ज्याला मोडेम, राउटर किंवा नुसतेच ‘वायफाय’ म्हटले जाते त्या डब्यात दोन निराळी कामे चालतात. बाहेरून तारेने आलेल्या संकेताचे घरातील उपकरणांना कळेल अशा स्वरूपात रूपांतर करणे हे मोडेमचे काम होय, तर त्या एकाच जोडणीची मोबाइल, टीव्ही, संगणक यांच्यात वाटणी करणे हे राउटरचे काम होय. ही कामे कधी एकाच डब्यात, कधी दोन डब्यांत होतात, आणि बिघाड कोणत्या कामात आहे हे ठरल्याशिवाय केलेली खरेदी बहुधा वाया जाते.

मोडेमचा प्रकार घरात येणाऱ्या तारेवरून ठरतो. बीएसएनएलने 2005 मध्ये सुरू केलेली ब्रॉडबँड सेवा टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून, एडीएसएल या पद्धतीने चालत असे. तिच्या सुधारित आवृत्तीची कागदोपत्री कमाल गती सेकंदाला 24 मेगाबिट असली तरी ती एक्स्चेंजजवळच्या घरांनाच गाठता येई, आणि तारेची लांबी चार-पाच किलोमीटर झाली की तिचा लहानसा अंशच उरे. डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्यांत अशी जोडणी मंद असेल, तर तिचे कारण तांब्यातील अंतर हे असते आणि नव्या मोडेमने ते अंतर कमी होत नाही. मुंबई-पुण्यात केबल टीव्हीच्या जाड तारेवरून चालणारे खरे केबल मोडेम वापरात आले. पण या भागात ज्याला ‘केबलवाल्याचे नेट’ म्हणतात ते आता बहुतेक ठिकाणी केसासारख्या बारीक काचतंतूवरून, म्हणजे फायबरवरून येते, आणि घरातील टोकाला मोडेमऐवजी ओएनटी हे प्रकाशसंकेत वाचणारे उपकरण असते.

येथूनच एक महागडा गैरसमज उद्भवतो. परदेशी व्हिडिओंत स्वतःचा मोडेम विकत घेऊन भाडे वाचवण्याचा सल्ला असतो आणि तो ओएनटीलाही तसाच लागू पडतो असे मानले जाते. वस्तुतः फायबरच्या प्रचलित पद्धतीत एकाच काचतंतूचे विभाजन करून तो 32 किंवा 64 घरांपर्यंत नेला जातो, आणि कोणत्या घराचे उपकरण कोणत्या क्षणी बोलणार हे पुरवठादाराच्या केंद्रातील यंत्र ठरवते. त्या यंत्रात ओएनटीचा अनुक्रमांक नोंदलेला असावा लागतो. त्यामुळे बाजारातून आणलेला ओएनटी, कितीही चांगला असला तरी, पुरवठादाराने नोंदवून घेतल्याशिवाय चालत नाही. त्याच्यापुढे जोडायचा राउटर मात्र ग्राहकाला स्वतःच्या पसंतीने घेता येतो.

दोष कोठे आहे हे ओळखण्याची रीत सोपी असूनही ती क्वचितच वापरली जाते. ओएनटीवर ‘लॉस’ नावाचा दिवा असतो. तो लाल झाला तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे तंतू तुटला आहे, फार वाकला आहे किंवा जोड निसटला आहे, आणि अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून काहीही साधत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासारख्या कामांत होणाऱ्या खोदाईने जमिनीखालचे तंतू तुटण्याचा धोका असतो. असे प्रकार टाळण्यासाठी केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये, खोदण्यापूर्वी केबलच्या मालकाला कळवण्याची सोय देणारे एक मोबाइल ॲप सुरू केले. दिवे ठीक असतील, तर लॅपटॉप लॅन केबलने थेट जोडून गती मोजावी. केबलवर गती पूर्ण आणि वायफायवर अपुरी असेल, तर प्रश्न राउटरचा किंवा त्याच्या जागेचा आहे. दोन्हीकडे गती सारखीच कमी असेल, तर लाइनबद्दल तक्रार नोंदवणे हा पहिला उपाय ठरतो. मोजताना हेही ध्यानात घ्यावे की 100 ‘एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने फाइल उतरवताना दिसणारा सुमारे 12 मेगाबाइटचा आकडा ही फसवणूक नसून तीच गती असते.

जुना ठरवून टाकून दिलेल्या अनेक राउटरांत खरा दोष विजेच्या अडॅप्टरचा असतो. विजेच्या चढउताराने अडॅप्टरमधील कपॅसिटर कालांतराने दुबळा होतो, ताण येताच 12 व्होल्टांचा पुरवठा खाली घसरतो आणि राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो; त्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा नवा अडॅप्टर लावून पाहणे राउटरच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त पडते. फायबर आल्यावर वीज पडण्याचे भय संपले, हीदेखील अर्धीच गोष्ट आहे. काच विद्युतवाहक नसल्याने टेलिफोनच्या तारेतून येणारा झटका आता येत नाही, परंतु विजेच्या सॉकेटमधून तो येऊ शकतो; म्हणून मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात, कडकडाट सुरू होण्यापूर्वीच, अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवणे अजूनही शहाणपणाचे आहे.

वायफायचा पल्ला अँटेनांच्या संख्येवर ठरत नाही. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून तुलनेने दूर जातो पण त्यावर गर्दी फार असते. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतीला लवकर हार जातो. जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत, पावसाळ्यात तिच्यात मुरलेली ओल, सळ्यांनी भरलेला स्लॅब आणि पत्र्याचे छप्पर या सगळ्यांशी झगडणारा राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवलेला असेल, तर नवा आणूनही मागच्या खोलीत फरक पडत नाही. तो घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर आणणे, अथवा लॅन केबल ओढून मागच्या खोलीत दुसरा वायफाय बिंदू देणे, हाच खरा उपाय होय.

राउटर खरोखर बदलावा अशी कारणेही आहेत. गणपतीत मुंबईकर मंडळी गावी आली की एकाच घरात पंधरा-वीस मोबाइल जोडले जातात आणि त्यातच कोणाचे कार्यालयीन काम चालू असते. 2009 साली प्रमाणित झालेल्या ‘एन’ मानकाचा, एकाच पट्ट्यावर चालणारा राउटर तेथे अपुरा पडतो, कारण त्या पट्ट्यावर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते आणि मंद उपकरण इतरांचाही वेळ खाते. खोक्यावरचा ‘300’ हा आकडा रेडिओची तात्त्विक कमाल गती सांगतो. अशा अनेक राउटरांचे मागचे पोर्ट 100 मेगाबिटांचेच असतात, त्यामुळे 200 मेगाबिटांचा प्लॅन घेणाऱ्याचे निम्मे पैसे त्या पोर्टापाशीच अडतात.

याहून गंभीर कारण सुरक्षेचे आहे, आणि नेमके तेच सर्वांत कमी मानले जाते. ‘चालतोय ना, मग कशाला बदलायचा’ आणि ‘आपल्या गावात कोण हॅक करायला येणार’ या दोन्ही समजुती धोक्याच्या आहेत, कारण हल्ला करणारी व्यक्ती घर निवडत नसते. तिचे प्रोग्राम जगभरचे पत्ते आपोआप चाचपत असतात. 2016 मध्ये ‘मिराय’ या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेली लाखो उपकरणे ताब्यात घेतली, तर 2017 मध्ये भारतातही बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमना अशाच मूळ पासवर्डमुळे मालवेअरचा फटका बसला. त्याच वर्षी डब्ल्यूपीए-2 या वायफायच्या कुलूपपद्धतीतील एक त्रुटी उघड झाली. अशा त्रुटी बुजवण्यासाठी उत्पादक जी दुरुस्ती देतो तिला फर्मवेअर अपडेट म्हणतात. ज्या मॉडेलला ती मिळणे बंद झाले ते उत्तम चालत असले तरी बदलावे, आणि नव्याचा ‘ॲडमिन’ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

22 जुलै 2021 च्या पुराने महाडच्या बाजारपेठेतील तळमजले बुडाले. पुरात भिजलेले उपकरण उन्हात वाळवले की चालते, असे अनुभवाने सांगितले जाते. पण सर्किटवर बसलेला गाळ ओल धरून ठेवतो आणि धातू हळूहळू खातो, म्हणून अशा उपकरणाला वीज देणे आगीलाही निमंत्रण ठरू शकते. पूररेषेतील घरांत ओएनटी, राउटर आणि त्यांचा सॉकेट हे तिन्ही पुराच्या खुणेच्या वर बसवून घ्यावेत. वीज गेल्यावर उपयोगी पडणारा 12 व्होल्टांचा छोटा यूपीएसही तेथेच ठेवावा. वाटेतल्या काचतंतूच्या विभाजकांना वीज लागत नसल्याने, पुरवठादाराच्या केंद्रात बॅकअप असेल, तर गाव अंधारात असतानाही जोडणी टिकू शकते.

जुना डबा भंगारात देण्यापूर्वी तो कोणाच्या मालकीचा आहे हे पाहावे, कारण अनामत घेऊन दिलेला ओएनटी परत करावा लागतो. राउटर स्वतःचा असेल, तर मागच्या बारीक छिद्रातील रीसेटचे बटण दाबून ठेवून त्यातील वायफायचा पासवर्ड आणि जोडणीचे खाते पुसावे, आणि मगच तो ई-कचरा म्हणून अधिकृत संकलकाकडे द्यावा. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.