पावलांची निगा आणि पादचिकित्सक

शरीराचा सारा भार आयुष्यभर वाहणाऱ्या पावलाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एका पावलात 26 हाडे व तीसहून अधिक सांधे असून, स्नायू व अस्थिबंध यांच्या जुळणीमुळे ते खडकाळ वाटेवरही तोल सांभाळते. कुरूप, टाचांच्या भेगा, नखुरडे, पावसाळ्यातील चिखल्या या तक्रारी किरकोळ मानून घरच्या घरी ब्लेड चालविण्याची सवय अनेकांना असते. निरोगी माणसास ती बहुधा खपून जाते. मधुमेहाच्या रुग्णास मात्र तीच पाय गमावण्याची पहिली पायरी ठरू शकते.

न दुखणारी जखम

दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेल्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते व रक्तपुरवठाही घटतो. चपलेतील खडा, देवळासमोरील तापलेली फरशी किंवा कढत पाणी यांची जाणीव रुग्णास होत नाही. जखम दुखत नाही म्हणून ती पाहिली जात नाही. जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचला की कित्येकदा पाय कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत. यावरून प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येईल.

बधिर पावलाचे हे मर्म कुष्ठरोगाच्या संदर्भात भारतातच उलगडले. 1946 मध्ये वेल्लोर येथे आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरुग्णांच्या तळपायाच्या जखमांचे मुख्य कारण बधिर जागेवर वारंवार पडणारा दाब हे होय. त्यातूनच सूक्ष्मछिद्री रबराच्या मऊ तळाच्या वहाणा प्रचारात आल्या.

पादचिकित्सकाचे कार्य

पावलाची तपासणी, उपचार व संरक्षण हे ज्याचे स्वतंत्र कार्यक्षेत्र आहे, तो पादचिकित्सक अथवा पोडियाट्रिस्ट होय. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवून तो संवेदना तपासतो. पावलाच्या वरील व घोट्यामागील नाडी पाहून रक्तप्रवाहाचा अंदाज घेतो. घट्टे निर्जंतुक हत्याराने काढणे, जखमेतील मृत भाग दूर करणे, चाल पाहून दाब कोठे पडतो ते ठरविणे व त्यानुसार पादत्राण सुचविणे, ही त्याची नित्याची कामे आहेत.

लंडनमधील किंग्ज कॉलेज रुग्णालयात 1981 मध्ये डॉ. मायकेल एडमंड्स यांनी मधुमेही पावलांसाठी चिकित्सालय सुरू केले. वैद्य, पादचिकित्सक, परिचारिका व पादत्राणतज्ज्ञ यांनी तेथे एकत्र काम केल्यावर काही वर्षांतच मोठ्या अंगच्छेदनांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

शिक्षणाची व्यवस्था

ब्रिटनमध्ये या व्यवसायासाठी साधारणपणे तीन वर्षांचा, तर स्कॉटलंडमध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. शरीररचना, औषधशास्त्र व चालीचे विज्ञान यांबरोबरच देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णसेवा करावी लागते. शासनमान्य नोंदणीशिवाय कोणासही हे पदनाम लावता येत नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षणानंतर चार वर्षांचा पादवैद्यक अभ्यासक्रम व त्यापुढे तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण घ्यावे लागते.

भारतात हे काम मुख्यत्वे मधुमेहतज्ज्ञ, शल्यचिकित्सक व परिचारिका यांच्याकडून होते. तथापि, संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी संसदेने 2021 मध्ये संमत केलेल्या कायद्याच्या अनुसूचीत पादचिकित्सकाचाही समावेश आहे. या व्यवसायाचे शिक्षण व नोंदणी यांना त्यामुळे वैधानिक आधार मिळाला आहे.

घरी घ्यावयाची दक्षता

प्रशिक्षित हात सर्वत्र उपलब्ध होईपर्यंत पहिला पहारा रुग्णाने व त्याच्या कुटुंबीयांनी द्यावयाचा आहे. मधुमेही व्यक्तीने रोज रात्री दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. वाकता येत नसल्यास आरसा वापरावा वा घरातील कोणास पाहावयास सांगावे. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या कराव्यात, पाण्याची उष्णता कोपराने पाहावी, अनवाणी चालू नये व वहाण घालण्यापूर्वी ती झटकून घ्यावी. कुरपावर ब्लेड किंवा आम्लयुक्त पट्टी वापरू नये. जखम, फोड वा काळसर डाग दिसताच, तो दुखत नसला तरीही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वर्षातून एकदा तरी संवेदना व नाडी यांची तपासणी करून घ्यावी. या तपासणीस काही मिनिटेच लागतात, आणि तिने एखाद्या कुटुंबाच्या कर्त्या माणसाचा पाय वाचू शकतो.