बिनतारी कंट्रोलर आणि स्टीलचा डबा

कॅसेटवाल्या जुन्या व्हिडिओ गेमची हौस आता रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर भागते. मेमरी कार्डावर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय हे सॉफ्टवेअर टाकायचं, संगणक टीव्हीला जोडायचा. घोडं अडतं ते बिनतारी कंट्रोलरपाशी.

ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. भारतात हा पट्टा 2005 पासून विनापरवाना खुला आहे. अंतरवाली सराटीसारख्या खेड्यात काय नि पुण्यात काय, कुणाला विचारावं लागत नाही. पण वाय-फायची वर्दळही तिथेच. म्हणून ब्लूटूथ 79 चॅनेलांवर सेकंदाला 1600 वेळा उड्या मारतं. आधी कंट्रोलर नि यंत्र यांची ओळख पटते, मग कंट्रोलर यंत्राच्या घड्याळाशी ताल जुळवून त्याच्याबरोबर उडतो. मला तर हे लेझीमच्या पावलांसारखं वाटतं.

2016 च्या पाय 3 पासून ब्लूटूथ अंगचंच आहे. त्याआधीच्याला डाँगल लावा. प्लेस्टेशनचा ड्युअलशॉक 4 कंट्रोलर असेल तर शेअर आणि पीएस ही बटणं एकत्र दाबून धरा. दिवा भराभर लुकलुकू लागला की रेट्रोपायच्या ब्लूटूथ मेनूत जाऊन त्याची नोंद करा. पुढे बटणांची ओळख करून देताना तुमच्याकडे नसलेलं बटण विचारलं, तर कुठलंही एक दाबून धरा.

आणि डबा! यंत्र घरीच जुळवलेलं, म्हणून ते ठेवायला हाताशी असलेला स्टीलचा डबा घेतला जातो. झाकण लागलं की लहरी अडतात, दाबलेलं बटण यंत्रापर्यंत पोचत नाही नि गेममधलं पात्र खड्ड्यात पडतं. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पेटी घ्या.