कानावरचे आणि कानातले

‘कानातले’ हा शब्द उच्चारला, की एके काळी कुडी, बाळी, बुगडी हे अलंकारच डोळ्यांपुढे उभे राहत. आज तोच शब्द ऐकून एखाद्या मुलाला सोन्यामोत्यांऐवजी गाणे ऐकण्याचे इवलेसे साधन आठवले, तर त्यात नवल नाही. संगीत ऐकण्यासाठी कानाशी जोडली जाणारी साधने मुख्यतः दोन प्रकारची असतात. एक कानांवर बसते. त्याला हेडफोन म्हणतात. दुसरे कानाच्या छिद्रात बसते. त्याला इअरफोन म्हणतात, आणि त्यातला जो प्रकार कलावंतांना रंगमंचावर वापरण्यासाठी तयार झाला, त्याला इन-इअर मॉनिटर असे नाव आहे. दोघांचे काम एकच, गाणे कानापर्यंत पोचविणे. मग त्यांत भेद तो कोणता? आणि कोणते साधन केव्हा वापरावे?

या दोन भावंडांत हेडफोन हा थोरला. १९१० साली अमेरिकेच्या युटा राज्यात राहणाऱ्या नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थांनी आपल्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन तयार केले आणि ते नौदलाकडे पाठविले. नौदलाने ते पारखून पाहिले आणि त्यांची मागणी केली. कारण बिनतारी संदेशाचे क्षीण आवाजही त्यांतून स्पष्ट ऐकू येत. पुढे कित्येक वर्षे हेडफोन हे मुख्यतः संदेश ऐकणाऱ्यांचेच साधन होते. १९५८ साली जॉन कॉस यांनी मिलवॉकी शहरातील एका प्रदर्शनात एक सुटसुटीत ग्रामोफोन मांडला. त्याच्या जोडीला, दोन्ही कानांना निरनिराळा ध्वनी पुरविणारा हेडफोन ठेवला होता. गंमत अशी, की लोकांचे मन ग्रामोफोनपेक्षा त्या हेडफोनवरच अधिक जडले! तेव्हापासून हेडफोन संगीतप्रेमी लोकांच्या घरी नांदू लागला.

हेडफोनच्या प्रत्येक वाटीत सामान्यतः एक लोहचुंबक, तारेचे एक वेटोळे आणि त्याला जोडलेला एक पातळ पापुद्रा असतो. वेटोळ्यातून विजेचा बदलता प्रवाह वाहू लागला, की ते चुंबकाजवळ मागेपुढे हलते. त्याच्याबरोबर पापुद्रा थरथरतो आणि हवेत ध्वनिलहरी उमटतात. या लहरी प्रथम बाहेरून दिसणाऱ्या कानावर पडतात, त्याच्या वळणांतून व खळग्यांतून वाट काढतात आणि मग आत शिरतात. काही हेडफोनांच्या वाट्या बाहेरच्या बाजूने जाळीदार असतात. त्यांत हवा खेळती राहते. म्हणून गाणे एखाद्या मोकळ्या दालनात चालले आहे, असा भास होतो. तंबोऱ्याची तार छेडल्यावर तिची आस कशी हळूहळू विरत जाते, हे शांत खोलीत अशा हेडफोनमधून ऐकावे. परंतु ज्या जाळीतून हवा खेळते, तिच्यातूनच बाहेरचा गलबला आत येतो आणि आतले गाणे शेजाऱ्याच्या कानी जाते. बंद वाट्यांच्या हेडफोनमध्ये ही अडचण कमी होते. मात्र त्यात कान लवकर तापतात, आणि डोक्यावरचे ओझे तर असतेच.

धाकट्या भावंडाची गोष्ट रंगमंचावर घडली. मोठ्या वाद्यवृंदाच्या गजरात गायकाला स्वतःचा आवाजच ऐकू येईनासा होतो. म्हणून त्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड केलेला एक स्पीकर ठेवण्याची पद्धत पडली. त्यालाच मॉनिटर म्हणत. परंतु प्रत्येक कलावंत आपापला मॉनिटर मोठा करू लागला, की गोंगाट अधिकच वाढे. १९९५ साली व्हॅन हेलन या अमेरिकन वाद्यवृंदाबरोबर काम करणारे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. वृंदातील ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्या कानांना त्या गोंगाटाचा त्रास होत होता. हार्वी यांनी त्यांच्या कानांच्या आकाराबरहुकूम बसतील असे मॉनिटर बनवून दिले. अशी साधने त्यापूर्वीही काहींनी करून पाहिली होती. पण आता त्यांचा प्रसार झपाट्याने होऊ लागला. कमी ऐकू येणाऱ्या लोकांच्या श्रवणयंत्रांत वापरले जाणारे अगदी चिमुकले भाग या कामी उपयोगी पडले.

माणसाची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचे तोंड मऊ रबरी बोंडीने नीट बंद झाले, की आत हवेचा अगदी लहान कप्पा उरतो. एवढीशी हवा हलवायला पापुद्र्याची थोडीशी थरथरही पुरते. त्यामुळे डग्ग्याची गंभीर घूमदेखील त्या इवल्या साधनातून ऐकू येते. पण बोंडी जराशी सैल बसली, की हवा निसटते, घूम नाहीशी होते आणि गाणे पोकळ वाटू लागते. कान बंद केल्याचा आणखी एक परिणाम होतो. दोन्ही कानांच्या तोंडांवर बोटे हलकेच दाबून बोलून पाहावे. आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो. कानात साधन घालून चालताना पावलांचा आवाज मोठा वाटतो, तोही याच कारणाने. शिवाय बोंडी अस्वच्छ राहिली, तर कानाला अपाय होतो. म्हणून ती वेळोवेळी पुसावी, आणि एकाच्या कानातले दुसऱ्याने आपल्या कानात घालू नये.

मग दोघांत श्रेष्ठ कोण? शांत घरात निवांत बसून ऐकणाऱ्याला हेडफोन अधिक सुखाचा वाटतो. आगगाडीच्या खडखडाटात मात्र जाळीदार हेडफोन दुबळा ठरतो. तो खडखडाट झाकण्यासाठी ऐकणारा नकळत गाण्याचा आवाज वाढवीत जातो. नीट बसलेले कानातले साधन बाहेरचा गलबलाच अडविते. त्यामुळे तेथे हळू आवाजातही गाणे स्पष्ट ऐकू येते. हाच त्याचा खरा गुण. पण हा गुण जाणून आवाज कमी ठेवला, तरच त्याचा लाभ. रस्ता ओलांडताना मात्र हाच गुण घातक ठरतो. कारण मोटारीचा भोंगाही तो अडवितो. तेव्हा रस्त्यावर दोन्ही साधने दूर ठेवणेच शहाणपणाचे होय.

आवाजाच्या प्रमाणाला एवढे महत्त्व का, हे कानाच्या रचनेवरून कळते. कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या भागात, केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. ध्वनीचा निरोप मेंदूकडे पोचतो तो त्यांच्यामुळे. फार मोठ्या आवाजाच्या माऱ्याने त्या मरतात, आणि एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ऐकण्याच्या साधनांसाठी मर्यादा सुचविल्या. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, तेही आठवड्यातून ४० तास, अशी ती मर्यादा आहे. आवाज ३ डेसिबलांनी वाढला, की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ऐकण्याचा वेळ निम्मा करावा लागतो. या हिशोबाने ७५ ऐवजी ७८ डेसिबलवर ऐकणाऱ्या मुलाला २० तासच उरतात. डेसिबल मोजणे घरी जमत नसेल, तर साधनाचा आवाज पूर्ण प्रमाणाच्या ६० टक्क्यांखाली ठेवावा आणि अधूनमधून कानांना विसावा द्यावा. ऐकणे थांबविल्यावर कानात गुंई असा नाद घुमत राहिला, तर तो इशारा समजावा आणि वडील माणसांना सांगावा.

घरातली माणसे सोन्याची कुडी डबीत घालून, कडीकुलपात जपून ठेवतात. ती हरवली तर हळहळतात, आणि पुढे ऐपतीप्रमाणे दुसरी घडवितात. ज्या कानांत ती घालायची, त्यांच्या आतले ते सूक्ष्म तंतू मात्र कोणत्याही सोनाराला पुन्हा घडविता येत नाहीत.