फ्रेट बदलायचीय? आधी माणूस निवडा!

सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार मस्त डीलमध्ये मिळाली, पण फ्रेट्स पार झिजल्यात? मग रिफ्रेट आलंच. पण ते करायला गिटार द्यायची कुणाकडे? हा प्रश्न गिटार निवडण्याहून अवघड आहे, बॉस!

आमच्या ऑफिसात एक सीनियर होता. सगळे त्याला दादा म्हणायचे. दिवसभर कोडिंग, रात्री गिटार. मागच्या वर्षी तो कॅनडाला शिफ्ट झाला आणि जाताना त्याची स्ट्रॅट मला विकून गेला. फेंडरची, मेक्सिकोत बनलेली, २००८ची. रोजवुडचा फ्रेटबोर्ड, २१ फ्रेट्स. ३८ हजार मोजले. आईने विचारलं, ‘‘एवढ्यात नवी नसती का आली?’’ आली असती, पण दादाची नसती आली ना! त्याने विकताना एकच अट घातली होती. ‘‘भिंतीला टांगून ठेवू नकोस. वाजव.’’

वाजवायला घेतली आणि तिसऱ्या फ्रेटवर जी कॉर्ड धरली, तर तार झर्रर्र! वरच्या पट्टीत तार ओढली की सूर मध्येच गपकन मरायचा. बॅटरी लावून बघितलं तर पहिल्या पाच फ्रेट्सवर तारांखाली चक्क खाचा पडलेल्या. दादाने पंधरा-सोळा वर्षं सी, जी, डी आणि ए मायनर किती वेळा वाजवले असतील, त्याचा हिशेबच तिथे कोरलेला होता. यात चूक कुणाचीच नाही. फ्रेट म्हणजे गिटारचा टायर. गाडी चालवली की झिजणारच.

त्याचं कारणही साधं आहे. बहुतेक फ्रेट्स ‘निकेल सिल्व्हर’च्या असतात. नावात सिल्व्हर असलं तरी चांदी औषधालाही नाही. तांबं, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू. आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो आणि ज्याचे झुमके ऑफिसातल्या मुली साडी-डेला घालतात, तोच! स्टीलच्या तारांपुढे तो नरम पडतो. कधी ना कधी तार जिंकतेच.

रिफ्रेट हवंय का, खरंच?

टेन्शन घेण्याआधी हे बघा. फ्रेट्स झिजल्या म्हणजे लगेच सगळ्या उपटायच्या, असं नसतं. खाचा उथळ असतील तर ‘लेव्हल अँड क्राउन’ पुरतं. म्हणजे सगळ्या फ्रेट्स घासून एका पातळीत आणायच्या, मग प्रत्येकीच्या डोक्याला परत गोलाई द्यायची आणि पॉलिश करायचं. ही गोलाई महत्त्वाची. फ्रेटचं डोकं सपाट झालं की तार नेमक्या मध्यावर टेकत नाही, आणि ट्यूनर कितीही हिरवा दिवा दाखवो, कॉर्ड बेसूरच वाटते.

पण घासायला धातू शिल्लक तर हवा! बाजारातल्या उंच फ्रेट-वायरी साधारण १.४ मिलिमीटर उंच असतात, जुन्या धाटणीच्या १.१ च्या आसपास. घासून घासून फ्रेट लाकडाला टेकायला आली, तर मात्र बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरा मार्गही आहे, आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. फक्त पहिल्या पाच-सात फ्रेट्स बदलायच्या आणि मग सगळ्या एका पातळीत आणायच्या. खालच्या कॉर्ड्स जास्त वाजवणाऱ्यांची झीज तिथेच असते. वरच्या फ्रेट्समध्ये उंची शिल्लक असेल तर हे झकास जमतं.

आणखी एक. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्डचं लाकूड किंचित आकसतं. धातू आकसत नाही. मग फ्रेट्सची टोकं कडेने बाहेर येतात आणि हाताला करवतीसारखी बोचतात. यासाठी रिफ्रेट करायची गरज नाही. टोकं कानशीने घासली की काम झालं. इथेच कुणी ‘सगळ्या बदलाव्या लागतील’ म्हणाला, तर गिटार उचला आणि घरी या.

तीन दारं, तीन भाव

मी चौकशी सुरू केली. पहिलं दार वाद्यांच्या दुकानाचं. काउंटरवरच्या माणसाने गिटार केसमधून पूर्ण बाहेरही काढली नाही. ‘‘तीन हजार. उद्या संध्याकाळी न्या.’’ उद्या? २१ फ्रेट्स उपटायच्या, खाचा साफ करायच्या, बोर्ड सरळ करायचा, नव्या बसवायच्या, घासायच्या, गोल करायच्या, पॉलिश करायच्या... आणि तेही बाकी गिऱ्हाइकं सांभाळून? माझी लाँड्रीसुद्धा तीन दिवस घेते!

दुसरं दार एकदम कूल. भिंतीवर पोस्टर्स, मस्त कॉफी. तो म्हणाला, ‘‘ब्रो, स्टेनलेस स्टील टाक. जंबो. आयुष्यात परत बघायला नको. १४ हजार.’’ स्टेनलेस खरंच खूप टिकतं, त्यात वाद नाही. पण ते कडक असतं, त्यामुळे हत्यारं लवकर झिजतात, वेळ जास्त जातो आणि हात पक्का लागतो. मी विचारलं, ‘‘आधी केलेली एखादी गिटार बघायला मिळेल?’’ त्यावर विषय बदलला. मी काय वाजवतो, कुठल्या जाडीच्या तारा लावतो, हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही.

तिसरं दार अनपेक्षितपणे उघडलं. मामेबहिणीच्या लग्नाला मिरजेला गेलो होतो. संगीतमध्ये वाजवायला गिटार बरोबर होतीच. मामा म्हणाला, ‘‘अरे, गावात सतारमेकर असताना पुण्यात काय शोधत बसतोस?’’ मुद्दा बिनतोड! मिरजेत पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तानपुरे बनतात. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मामाने स्कूटरवर बसवून एका कारागिरांच्या घरी नेलं.

त्यांनी गिटार हातात घेतली. एक डोळा मिटून नेक बघितली, फ्रेटवरून नख फिरवलं आणि हसले. म्हणाले, ‘‘आमचा पडदा दोऱ्यानं बांधतात. सरकवला की सरकतो, चुकला तर परत बांधता येतो. हा तुमचा पडदा लाकडात ठोकलाय. उपटताना लाकूड सुटलं तर परत कसं यायचं? हे माझं काम नव्हे. ज्यानं हेच केलंय त्याच्याकडे द्या.’’

मामा जरा हिरमुसला. मला मात्र पहिल्यांदाच हायसं वाटलं. ज्या माणसाचा अख्खा जन्म पडदे बांधण्यात गेला, तो ‘मला येत नाही’ म्हणाला. आणि ज्यांनी गिटार नीट बघितलीही नव्हती, ते भाव सांगून मोकळे झाले होते!

त्यांचा मुद्दा सोळा आणे खरा आहे. फ्रेट खालून इंग्रजी ‘टी’सारखी असते. त्या ‘टी’चा दांडा जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद खाचेत घट्ट बसतो. काढताना चांगला कारागीर सोल्डरिंग गनने फ्रेट गरम करतो, मग तोंड सपाट घासलेल्या पकडीने हळूहळू वर घेतो. घाई केली की लाकडाचे टवके उडतात. नव्या वायरचा दांडा खाचेपेक्षा फार जाड निघाला, तर २१ पाचरी ठोकल्यासारखं होऊन नेक मागे वाकते. बारीक निघाला तर फ्रेट सैल राहते आणि सूर मरतो. थोडक्यात, हेअरकट बिघडला तर महिन्याभरात केस येतात. फ्रेटबोर्डचं लाकूड येत नाही.

आणि मग तो सापडला

शेवटी पुण्यातच एकाचा नंबर मिळाला. टू बीएचकेच्या एका खोलीत वर्कशॉप. वेटिंग तीन आठवडे. गिटार बघायच्या आधी म्हणाला, ‘‘पाच मिनिटं वाजव.’’ मी जरा लाजतच वाजवली. तो माझ्या बोटांकडे बघत होता. मग प्रश्न सुरू. तारा कुठल्या? ट्यूनिंग नेहमीचं की खाली? बेंड खूप करतोस का? बोटं जोरात दाबतोस, माहितीय का? (नव्हतं माहीत!)

मग त्याने तारा लावलेल्या असतानाच नेक तपासली, कारण तारांचा ताण असताना ती वेगळी वाकते. ट्रस रॉड दोन्हीकडे फिरतो का ते बघितलं. बोर्डची गोलाई मोजली. साडेनऊ इंच. प्रत्येक फ्रेटची उंची मोजून कागदावर लिहिली. आणि म्हणाला, ‘‘सगळ्या बदलायची गरज नाही. पहिल्या सात बदलू, बाकीच्या चौदा त्यांच्याशी जुळवून घेऊ. नट मात्र नवा लागेल.’’

नट म्हणजे हेडस्टॉकजवळची ती खाचांची पट्टी. नव्या फ्रेट्स जुन्या झिजलेल्यांपेक्षा उंच असतात. त्यामुळे जुन्या नटच्या खाचा खोल पडतात आणि मोकळी तारच पहिल्या फ्रेटवर वाजते. हा खर्च आधीच्या दोघांनी उच्चारलाही नव्हता. एकूण आकडा सांगितला सहा हजार, नट आणि सेटअप धरून. १४ हजारांचं काम घेऊ शकत असताना त्याने सहाचं सांगितलं. मी तिथल्या तिथे ॲडव्हान्स दिला.

त्याने त्याच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांचे नंबरही दिले, दोघांच्याही रोजवुड बोर्डवाल्या स्ट्रॅट. हे का महत्त्वाचं, तर प्रत्येक गिटारचं दुखणं वेगळं. मेपलच्या बोर्डवर लॅकरचा थर असतो, तो जपावा लागतो. गिब्सनच्या अनेक मॉडेल्सना कडेला बाइंडिंगची पट्टी असते आणि फ्रेटचं टोक तिच्या आत थांबतं. तिथे हात वेगळा चालवावा लागतो. तेव्हा ‘त्याने खूप गिटारी केल्यात’ एवढं पुरेसं नाही. ‘तुमच्यासारखी’ केलीय का, ते विचारा.

देण्याआधी हे विचारा!

• रिफ्रेटच हवंय, की लेव्हल अँड क्राउनवर भागेल? आणि का? (कारण सांगता आलं पाहिजे.)
• माझ्यासारख्या बोर्डची गिटार केलीय का? बघायला किंवा वाजवायला मिळेल?
• कुठली वायर घालणार? उंची, रुंदी, धातू सांगा.
• खाच आणि वायरचा दांडा जुळतो का, हे मोजणार का?
• भावात नट, सेटअप आणि नव्या तारा धरल्यात का?
• काम झाल्यावर महिन्याभरात एखादी फ्रेट वर आली तर?

गावात कुणी नसेल तर? स्ट्रॅटसारख्या गिटारची नेक सहसा चार स्क्रूंवर असते. काही कारागीर नुसती नेक कुरिअरने मागवतात. चालतं, पण शेवटचा सेटअप पूर्ण गिटारवरच होतो, हे लक्षात ठेवा. जमलं तर गिटार स्वतः घेऊन जा. त्या निमित्ताने माणूसही बघून होतो.

आणि हिशेब? गिटारच्या किमतीहून रिफ्रेट महाग पडत असेल तर डोकं सांगेल, सोडून दे. पण वाद्याचा भाव नेहमी बाजारच ठरवतो असं नाही. आजोबांचं घड्याळ दुरुस्त करताना आपण कुठे बाजारभाव विचारतो?

तीन आठवड्यांनी गिटार घरी आली. तिसऱ्या फ्रेटवर जी धरली. झर्रर्र गायब! चौदाव्या फ्रेटवर तार ओढली, सूर शेवटपर्यंत टिकला. कारागिराने काढलेल्या सात जुन्या फ्रेट्स एका छोट्या पाकिटात घालून दिल्या होत्या. मी त्यांचा फोटो दादाला पाठवला. तिकडे सकाळ होती. लगेच रिप्लाय आला, ‘‘तिसरी बघ, ती माझी जी कॉर्ड!’’ आणि पाठोपाठ दुसरा, ‘‘आता तुझ्या खाचा पाड.’’

पाडतोय, दादा. रोज रात्री जेवण झालं की अर्धा तास!