दुकानापुढील जागा आणि सामन्याचा दिवस



इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी ३ वाजता फुटबॉलचा सामना सुरू व्हावा, ही जुनी प्रथा आहे. ज्या गावी मोठे स्टेडियम असेल तेथे त्या दिवशी दोन प्रकारची माणसे एकाच रस्त्याने येऊ लागतात. काही आठवड्याचा बाजार करण्यासाठी निघालेली असतात, तर काही सामना पाहण्यासाठी. सामना पाहणाऱ्याच्या खिशात तिकीट असते. परंतु मोटार कोठे उभी करावी, ह्याचे उत्तर त्या तिकिटावर छापलेले नसते. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमचेच उदाहरण घ्या. तेथे ९०,००० प्रेक्षक बसू शकतात. आसपासच्या रहिवाशांची दारे अडू नयेत म्हणून ब्रेंट विभागाच्या कौन्सिलने सामन्याच्या दिवसांपुरता परवान्यांचा खास विभाग आखला आहे. रस्ते असे बंद झाले की मोटारवाल्याची दृष्टी साहजिकच दुकानांच्या रांगेपुढील विस्तीर्ण आणि विनामूल्य गाडीतळाकडे वळते. तेथूनच आजच्या विषयास आरंभ होतो.

हा विषय आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. गोव्यातील कितीतरी कुटुंबांचे आप्त स्विंडनसारख्या गावी स्थायिक झाले आहेत, आणि लंडनमध्ये तर १९३२ सालापासून महाराष्ट्र मंडळ नांदत आहे. तेथे नव्याने मोटार चालवू लागलेल्या आपल्या मुलामुलींच्या हाती एखाद्या दिवशी १०० पौंडांच्या मागणीचे पत्र पडते, आणि आपल्या हातून काही गुन्हा घडला की काय, अशा भीतीने ती गांगरून जातात.

प्रथम दुकानदाराची बाजू पाहू. सामना ९० मिनिटांचा असतो. त्यात मध्यंतराची १५ मिनिटे आणि जादा वेळ मिळवला म्हणजे दोन तास होत आले. शिवाय जाण्यायेण्याची चाल आणि दारावरची रांग. ह्याचा अर्थ एका प्रेक्षकाची मोटार सहज तीन तास जागा अडवून बसते. तेवढ्या वेळात त्याच जागेवर चार-पाच गिऱ्हाइके येऊन गेली असती. म्हणून गाडीतळावर दोन किंवा तीन तासांची मर्यादा घातलेली असते, आणि काही ठिकाणी सामन्याच्या दिवशी ती आणखी कमी करण्यात येते. ही मर्यादा खरेदीला पुरावी, परंतु सामन्याला पुरू नये, असाच तिच्यामागचा हिशेब असतो. लहान मूल कडेवर घेऊन औषध घ्यायला आलेल्या बाईला जागा मिळावी, ह्यात गैर काय आहे?

परंतु हा नियम राखण्याचे काम बहुधा दुकानदार स्वतः करीत नाही. ते काम तो खाजगी कंपनीकडे सोपवतो. प्रवेशापाशी आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर कॅमेरे बसवलेले असतात. ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मोटारीचा क्रमांक टिपतात, आणि दोन वेळांमधील अंतर यंत्रच मोजते. मुदत ओलांडली गेली असेल तर वाहनांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून, दर नोंदीस अडीच पौंड भरून, कंपनी मालकाचे नाव व पत्ता मिळवते आणि पत्र धाडते. पूर्वी ह्याहून कठोर रीत होती. मोटारीच्या चाकाला लोखंडी अडसर घालून पैसे मिळेपर्यंत ती अडकवून ठेवीत असत. स्कॉटलंडमधील न्यायालयाने १९९२ साली ह्या प्रकारास खंडणी ठरवले. इंग्लंड व वेल्समध्ये खाजगी जागेवरील अडसर १ ऑक्टोबर २०१२ पासून बंद झाला. मात्र चालकाचे नाव कळले नाही तर विशिष्ट अटींवर नोंदणीकृत मालकाकडे पैसे मागण्याची मुभा त्याच कायद्याने कंपन्यांना दिली.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. कौन्सिलने रस्त्यावर केलेला दंड आणि खाजगी कंपनीची मागणी ह्या दोहोंनाही ‘पी. सी. एन.’ हेच आद्याक्षरी नाव आहे. पहिल्यातील ‘पी’ म्हणजे पेनल्टी, दुसऱ्यातील ‘पी’ म्हणजे पार्किंग. पहिल्याच्या पाठीशी शासनाचा अधिकार उभा असतो; दुसऱ्याच्या पाठीशी केवळ करार असतो. पाटी वाचून तुम्ही मोटार उभी केलीत, म्हणजे पाटीवरील अटी तुम्ही मान्य केल्या, असे कायदा धरतो. हा गुन्हा नव्हे. पैसे न भरल्यास कंपनीला दिवाणी न्यायालयात जावे लागते.

मग ह्या कराराने कितीही रक्कम मागता येते काय? ह्याचा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०१५ रोजी ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ ह्या खटल्यात दिला. चेम्सफर्ड येथील दुकानांच्या गाडीतळावर दोन तासांची मुदत होती. मोटार ५६ मिनिटे अधिक थांबली. मागणी होती ८५ पौंडांची. मालकाचे प्रत्यक्ष नुकसान झाले नाही, तेव्हा ही रक्कम म्हणजे निव्वळ शिक्षा आहे, असा मोटारवाल्याचा युक्तिवाद होता. सातांपैकी सहा न्यायाधीशांनी तो फेटाळला. जागा फिरती राहावी ह्यात मालकाचे न्याय्य हित आहे, पाट्या मोठ्या व सुवाच्य होत्या आणि रक्कम अवाजवी नाही, असे त्यांनी ठरवले. एकट्या लॉर्ड टूलसन ह्यांनी वेगळे मत नोंदवले. काही मिनिटांचा उशीर अनेक सबळ कारणांनी होऊ शकतो, आणि ह्या अटीत त्याला वाव नाही, हे त्यांना खटकले. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम ह्या संदर्भात आठवते. करारात रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय तिच्या मर्यादेत राहून वाजवी भरपाईच देववते.

त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. तो गाडीतळ सांभाळण्याबद्दल कंपनीला मालकाकडून वेतन मिळत नव्हते. उलट कंपनीच मालकाला आठवड्याला १,००० पौंड देत होती, आणि तिची त्या जागेवरील सारी मिळकत मुदत चुकवणाऱ्यांकडून येत होती. आपल्याकडे जकातीचा मक्ता देण्याची पद्धत होती, ती जाणत्यांना आठवत असेल. शुभवर्तमानातील जकातदारही लोकांना नकोसे झाले होते ते ह्याच कारणाने. वसुलीवर ज्याचे पोट, त्याला सर्वांनी नियम पाळावा असे मनापासून वाटेल कसे? पाटी अधिक ठळक केली तर त्याचेच उत्पन्न घटणार.

ह्यावर सरकारी अंकुश असावा म्हणून ब्रिटिश संसदेने २०१९ साली कायदा केला. त्यानुसार २०२२ च्या फेब्रुवारीत आचारसंहिता प्रसिद्ध झाली. परंतु कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतल्यावर त्याच वर्षी ती मागे घेण्यात आली. पुढे २०२४ साली व्यवसायातील दोन संघटनांनी मिळून आपली एक संहिता तयार केली. मुदत संपल्यावर किमान दहा मिनिटांची सवलत द्यावी, असा नियम तीत आहे. पण सामना सुटल्यावर बाहेर पडण्याच्या वाटेवरच अर्धा तास खोळंबा झाला, तर ही दहा मिनिटे कोठे पुरणार?

तेव्हा पत्र आलेल्याने काय करावे? घाबरून पैसे भरू नयेत आणि रागाने पत्र फाडूनही टाकू नये. प्रथम तारीख पाहावी. केवळ कॅमेऱ्याच्या आधारे मालकाकडे मागणी करायची असेल, तर नोटीस १४ दिवसांच्या आत पोहोचावी लागते. सकाळी आणि सायंकाळी अशा दोन फेऱ्या झाल्या असतील, तर कॅमेऱ्याने मधले जाणे-येणे गाळून एकच मोठा मुक्काम धरला नाही ना, हे तपासावे. खरेदीची पावती दुकानाच्या व्यवस्थापकास दाखवावी. त्याच्या शब्दावर पुष्कळदा मागणी रद्द होते. न झाल्यास आधी कंपनीकडे आणि मग स्वतंत्र अपील मंडळाकडे दाद मागावी. न्यायालयाचा कागद आला तर मात्र मुदतीत उत्तर दिलेच पाहिजे. कारण निकाल विरुद्ध गेला आणि महिन्याच्या आत पैसे भरले नाहीत, तर त्याची नोंद सहा वर्षे राहते आणि घरासाठी कर्ज मिळणेही अवघड होते.

आणि जो खरोखरच सामन्याला निघाला आहे, त्याने रेल्वेने जावे हे उत्तम. दुकानापुढील जागा गिऱ्हाइकाची आहे, आणि ती त्याच्यासाठी राखणे योग्यच आहे. मात्र ती राखणाऱ्याला त्याच्या राखणीचे वेतन मिळावे. लोकांच्या चुकांवर त्याची कमाई अवलंबून असू नये. इंग्लंडमधील हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्या शहरांतील गाडीतळांचे ठेके देताना आपल्या नगरपालिकांनी आणि दुकानदारांनी एवढे जरी ध्यानात ठेवले, तरी पुढचा पुष्कळ मनस्ताप टळेल.