फोर-व्हील टाकली आणि खालून आवाज आला?
रोहणा गावच्या काळ्या मातीत, पावसाळ्यात पांदणीवर पिकअप रुतली की फोर-व्हील टाकावीच लागते. चिखलात चाकं थोडी घसरतात, म्हणून गाडी गप्प असते. तशीच ती कोरड्या डांबरीवर वळवली, तर टायर ओरडतात, स्टिअरिंग जड होतं, खालून धाडकन आवाज येतो. हा बिघाड नव्हे. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि पार्ट-टाइम फोर-व्हील गाडीत तो फरक पचवणारा मधला डिफरन्शियल नसतो. फोर-व्हील काढा, गाडी थोडी मागे घ्या. बाकीचे आवाज मात्र बिघाडाचे असू शकतात. वळताना कटकट झाली तर संशय सीव्ही जॉइंटवर. गाडी जागेवरून निघताना एकच ठोका पडला तर बहुधा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. सतत घरघर असेल तर आधी ट्रान्सफर केसचं ऑइल बघा, तेही मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायला निघण्याआधी!